पाण्यातलं डिटर्जंट मोजायला शिकताना: मिथिलीन ब्लू पद्धत, पायरीपायरीने

पाण्यावर फेस दिसला की डिटर्जंट आहे आणि फेस नाही म्हणजे पाणी साफ आहे, असा समज सगळीकडे आढळतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. शेवाळ आणि कुजणारा पाला यांतून सुटलेल्या द्रव्यांनीही पाण्यावर फेस धरतो. उलट लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम डिटर्जंट असलेलं पाणी ग्लासात अगदी निमूट बसलेलं असतं. आयएस १०५०० या २०१२ च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ॲनायनिक (ऋणभारित) डिटर्जंटची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. एवढं बारीक प्रमाण नजरेने ठरवता येत नाही, म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंगीत द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, लागतो.

नागपुरात पाणी तपासणारे हात पुष्कळ आहेत. १९५८ पासून नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथे आहे, एलआयटी ही रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, विद्यापीठाच्या कॉलेजांतून दरवर्षी रसायनशास्त्राची मुलंमुली बाहेर पडतात आणि त्यातली बरीचशी एखाद्या पाणी-तपासणीच्या लॅबमध्ये रुजू होतात. तिथे पहिल्याच महिन्यात कोणीतरी हातात सेपरेटिंग फनेल (दोन थर वेगळे करायचं, खाली तोटी असलेलं काचपात्र) देतं आणि ‘एमबीएएस लाव’ म्हणून सांगतं. एमबीएएस म्हणजे मिथिलीन ब्लूशी जोडी जमवणारी द्रव्यं, आणि ती मोजायची हीच पद्धत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी रंगाचं गणित समजून घ्या

मिथिलीन ब्लू हा निळा रंग पाण्यात धनभारित असतो. कपडे धुण्याच्या पावडरीतला मुख्य क्रियाशील घटक, म्हणजे एलएएस (लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट), ऋणभारित असतो. दोघे भेटले की त्यांची जोडी जमते. एकटा मिथिलीन ब्लू क्लोरोफॉर्ममध्ये जवळजवळ उतरत नाही, पण डिटर्जंटची लांब तेलकट शेपटी जोडीला आली की अख्खी जोडी क्लोरोफॉर्ममध्ये जाते. म्हणून क्लोरोफॉर्मचा थर जेवढा निळा, तेवढं पाण्यात डिटर्जंट. निळं द्रावण लाल प्रकाश शोषतं, त्यामुळे यंत्र ६५२ नॅनोमीटरवर लावायचं. बीअर-लँबर्ट नियमाप्रमाणे ॲब्सॉर्बन्स (द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचं माप) प्रमाणाच्या सरळ पटीत वाढतो आणि आलेखावर सरळ रेषा मिळते.

या पद्धतीची मुळं १९४० च्या दशकातली आहेत. १९५५ मध्ये लाँगवेल आणि मॅनीस यांनी तिला पाणी-सांडपाण्याच्या कामासाठी घट्ट बसवलं, आणि आज जगभरच्या मानक पुस्तकांत तिचीच रूपं आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा. तुम्ही ‘डिटर्जंट’ मोजत नाही, मिथिलीन ब्लूशी जोडी जमवून क्लोरोफॉर्ममध्ये उतरणारं जे काही पाण्यात आहे ते सगळं मोजता. अंगाच्या साबणाची बट्टी यात जवळपास येतच नाही, कारण आम्लधर्मी द्रावणात साबणाचं रूपांतर भार नसलेल्या फॅटी आम्लात होतं आणि जोडी जमत नाही. मऊपणासाठी कपड्यांना लावतात ते फॅब्रिक कंडिशनर धनभारित असतं. ते डिटर्जंटला आधीच पकडून ठेवतं आणि आकडा खाली ओढतं.

काचसामान: निम्मं काम इथेच

या चाचणीत तुमचा शत्रू लॅबमध्येच राहतो. भांडी घासायची पावडर, हात धुवायचं लिक्विड, फरशी पुसायचं द्रावण, सगळ्यात तेच रसायन आहे जे तुम्ही मायक्रोग्रॅममध्ये शोधताय. घासून, नळाखाली तीनदा विसळून, चकचकीत दिसणाऱ्या फ्लास्कच्या काचेलाही सर्फॅक्टंटचा (डिटर्जंटमधल्या क्रियाशील घटकाचा) पातळ थर चिकटून राहतो, आणि ब्लँकला (नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेऊन लावलेल्या चाचणीला) निळसर झाक येऊन तो उघडा पडतो.

म्हणून एमबीएएसचं काचसामान वेगळं ठेवा. त्यावर खूण करा, वेगळ्या कपाटात ठेवा आणि त्याला डिटर्जंटचा हात लागू देऊ नका. इथेनॉलमध्ये १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्याने विसळा, मग भरपूर डिस्टिल्ड वॉटरने. लॅबमध्ये भांडी धुणाऱ्या दादा-ताईंना हे का ते नीट समजावून सांगा. नुसतं ‘हे धुऊ नका’ म्हटलं तर सवयीचा हात कधीतरी त्या कपाटाकडे वळणारच. स्टॉपकॉक (फनेलची तोटी) टेफ्लॉनचा घ्या म्हणजे ग्रीस लागत नाही. गाळायला काचेची लोकर वापरतो, तीही आधी क्लोरोफॉर्मने धुऊन घ्या.

क्युवेट, म्हणजे यंत्रात द्रावण ठेवायची छोटी नळी, काचेचा किंवा क्वार्ट्झचाच हवा. रोजच्या कामातला प्लास्टिकचा पारदर्शक क्युवेट क्लोरोफॉर्मने काही क्षणांत धुरकट होतो, मग चिकट होतो, आणि आत ठेवून दिला तर यंत्राच्या कप्प्यात गळतो. ही चूक महागात पडते.

द्रावणं

मिथिलीन ब्लू अभिकर्मकासाठी १०० मिलिग्रॅम रंग १०० मिली पाण्यात विरघळवा. त्यातले ३० मिली एक लिटरच्या फ्लास्कमध्ये घ्या. त्यात ५०० मिली पाणी, ४१ मिली सहा नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल आणि ५० ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट घालून हलवा, सगळं विरघळलं की लिटरपर्यंत भरा. धुण्याचं द्रावण अगदी तसंच बनवायचं, फक्त त्यात रंग घालायचा नाही. सहा नॉर्मल आम्ल बनवताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही.

बाजारातल्या मिथिलीन ब्लूत कधीकधी अशी अशुद्धी असते जी स्वतःच क्लोरोफॉर्ममध्ये उतरते. ब्लँक सतत निळा येत असेल आणि काचसामानावर शंका नसेल, तर अभिकर्मकच क्लोरोफॉर्मबरोबर दोन-तीनदा हलवून खालचा थर टाकून द्या. थर फिका येईपर्यंत हे करायचं.

स्टँडर्डसाठी, म्हणजे प्रमाण ठाऊक असलेल्या द्रावणासाठी, क्रियाशील घटकाचं प्रमाण लेबलवर दिलेलं संदर्भ एलएएस घ्या आणि वजन करताना ते प्रमाण हिशेबात धरा. साबण-फिनेलच्या छोट्या कारखान्यांत मिळणारी ॲसिड स्लरी यासाठी चालत नाही. रसायन तेच असलं तरी तिची शुद्धता पक्की ठाऊक नसते. साठ्याचं द्रावण एका मिलीत एक मिलिग्रॅम असं बनवा. त्यातले १० मिली लिटरपर्यंत भरले की कामाचं द्रावण तयार होतं, एका मिलीत १० मायक्रोग्रॅम. साठ्याचं द्रावण भरताना फ्लास्क उलटसुलट हलवू नका. खुणेच्या वर फेसाचा दाट थर बसतो, मग पाण्याची खरी पातळी दिसत नाही आणि माणूस फेसालाच पाणी समजून थांबतो. हळूच गोल फिरवा, फेस बसू द्या, शेवटचे थेंब भिंतीवरून सोडा. फ्रीजमधून काढलेलं द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिपेट करा.

बऱ्याच कॉलेजांत एलएएसऐवजी सोडियम डोडेसिल सल्फेट वापरतात, कारण ते सहज मिळतं. हरकत नाही, पण एक हिशेब करून बघा. त्याचं रेणुभार २८८ आहे आणि बारा कार्बनची शेपटी धरली तर एलएएसचं ३४८. जोडी रेणूमागे रेणू अशी जमते, वजनाप्रमाणे नाही. त्यामुळे तेच पाणी सोडियम डोडेसिल सल्फेटच्या आलेखावर वाचलं तर आकडा साधारण सतरा टक्क्यांनी कमी येतो. एका लॅबचं १.०५ दुसऱ्या लॅबमध्ये ०.८७ होतं, आणि मर्यादेची रेषा बरोबर मध्ये पडते. म्हणून कोणतं स्टँडर्ड वापरलं ते अहवालात लिहायलाच हवं.

नमुना घेणं

काचेची बाटली घ्या, तीही वर सांगितल्याप्रमाणे धुतलेली. सर्फॅक्टंटचा स्वभावच पृष्ठभागावर गोळा होण्याचा आहे. त्यामुळे तलावाच्या काठावर तरंगणारा फेस बाटलीत आला तर आकडा भलताच वर जातो. अंबाझरी असो की फुटाळा, बाटलीचं तोंड पाण्याखाली हातभर नेऊन तिथे भरा. नाग नदीवर पुलावरून बादली सोडत असाल तर जिथे पाणी उंचावरून पडून फेसाळतं त्या जागेच्या वरच्या अंगाला सोडा. बाटली तिथल्याच पाण्याने आधी विसळण्याची सवय इथे टाळलेली बरी, कारण काचेला चिकटलेलं सर्फॅक्टंट मग नमुन्यात भर घालतं.

जिवाणू एलएएस खातात, म्हणून बाटली लगेच बर्फाच्या डब्यात ठेवा, लॅबमध्ये ४ अंशाला, आणि शक्यतो २४ तासांत चाचणी लावा. ४८ तासांपलीकडे नमुना ठेवू नका. मे महिन्यात दुपारी बाटली स्कूटरच्या डिकीत तासभर राहिली तर तो नमुना टाकून परत आणा.

नाल्याचं पाणी काळपट असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर त्यात सल्फाइड आहे. सल्फाइड मिथिलीन ब्लूचा रंगच उडवतं. चाचणीआधी ३० टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब घाला.

नमुना किती घ्यायचा

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त अडवणारा प्रश्न हाच. फनेलमध्ये जाणारं डिटर्जंट १० ते २०० मायक्रोग्रॅमच्या आत असावं, कारण आलेख तेवढाच आहे. लिटरला ०.४ ते २ मिलिग्रॅमचा अंदाज असेल तर १०० मिली घ्या, ०.०८ ते ०.४ असेल तर २५० मिली, २ ते १० असेल तर २० मिली. नळाच्या पाण्याला २५० मिलीने सुरुवात करा. सांडपाण्याला २० मिलीने, आणि कपडे धुतलेलं पाणी थेट मिसळत असेल तर २ मिलीने. १०० मिलीपेक्षा कमी घेतलं तर डिस्टिल्ड वॉटर घालून १०० पर्यंत न्या.

प्रत्यक्ष काम

नमुना सेपरेटिंग फनेलमध्ये घ्या. फिनॉल्फ्थेलिनचे दोन-तीन थेंब टाका. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून गुलाबी छटा आणा, मग एक नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने ती जेमतेम घालवा. ही पायरी क्लोरोफॉर्म घालण्याआधी नीट पुरी करा. क्लोरोफॉर्म आणि तीव्र अल्कली यांची भेट चांगली नाही, आणि त्यात ॲसिटोन असेल तर धोकादायकच. म्हणून या टेबलावर ॲसिटोनची धुण्याची बाटली ठेवूच नका.

आता १० मिली क्लोरोफॉर्म आणि २५ मिली मिथिलीन ब्लू घाला. बूच लावा, उलटं करा, स्टॉपकॉक उघडून वाफ सोडा, तोंड माणसांपासून दूर धरून. मग तीस सेकंद हलवा. जोरात, पण घुसळू नका. घुसळलं की दोन थरांच्या मध्ये ताकावर लोणी यावं तसा फेसाळ पट्टा बसतो आणि अर्धा तास हलत नाही. झालाच तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून तोडा. अल्कोहोल एका फनेलमध्ये घातलं तर स्टँडर्डांतही तेवढंच घाला.

थर वेगळे झाले की खालचा क्लोरोफॉर्म दुसऱ्या फनेलमध्ये सोडा. इथे डोळे स्टॉपकॉकच्या नळीवर ठेवा. निळ्या क्लोरोफॉर्मच्या पाठोपाठ वरचं गडद पाणी येतं, दोघांच्या सीमेवर एक थेंब क्षणभर लटकतो. तो थेंब आत राहू द्या. त्यात मुक्त मिथिलीन ब्लू असतो आणि एवढ्या छोट्या चुकीनेही ॲब्सॉर्बन्स वाढतो.

पहिल्या फनेलमध्ये आणखी दोनदा दहा-दहा मिली क्लोरोफॉर्म घालून हेच करा. पाण्याच्या थरातला निळा रंग अगदी फिका पडला किंवा नाहीसा झाला तर थांबा. रंग पुरला नाही, म्हणजे डिटर्जंट जास्त होतं. रंग वाढवून उपयोग नाही. तो नमुना टाकून कमी मापाने पुन्हा सुरू करा.

जमवलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये ५० मिली धुण्याचं द्रावण घाला, तीस सेकंद हलवा. ही पायरी टाळण्याचा मोह होतो कारण थर आधीच छान निळा दिसतो. पण बोअरवेलच्या पाण्यात क्लोराइड आणि नायट्रेट भरपूर असू शकतं, आणि तेही थोड्याशा मिथिलीन ब्लूला सोबत घेऊन क्लोरोफॉर्ममध्ये शिरतात. आम्ल-फॉस्फेटच्या धुण्यात ही कच्ची जोडी सुटून परत जाते, डिटर्जंटची पक्की जोडी टिकते. ही धुलाई सोडलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

मग क्लोरोफॉर्म काचेच्या लोकरीतून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये गाळा. धुण्याचं द्रावण दोनदा दहा-दहा मिली क्लोरोफॉर्मने काढा, तेही त्यातच. लोकर आणि गाळणीचं फनेल क्लोरोफॉर्मने विसळा, खुणेपर्यंत भरा, मिसळा. ६५२ नॅनोमीटरवर, शुद्ध क्लोरोफॉर्मवर शून्य करून वाचा. द्रावण धुरकट दिसलं तर पाण्याचे बारीक कण आहेत. थोडं थांबा, नाहीतर पुन्हा कोरड्या लोकरीतून गाळा.

आलेख आणि ब्लँक

कामाच्या द्रावणातून किमान पाच स्टँडर्ड घ्या, उदाहरणार्थ १, ३, ७, ११, १५ आणि २० मिली, म्हणजे १० ते २०० मायक्रोग्रॅम. प्रत्येकाला १०० मिलीपर्यंत पाणी घाला आणि वरच्या सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा करा. स्टँडर्ड थेट क्लोरोफॉर्ममध्ये बनवून आलेख काढणं म्हणजे नमुन्याला एक रस्ता आणि मापाला दुसरा. काढण्यात जे नुकसान होतं ते दोघांचं सारखंच झालं पाहिजे. सोबत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा ब्लँक, तोही प्रत्येक दिवशी नवा. ब्लँकचं रीडिंग एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. एके दिवशी ते उडी मारून वर गेलं की नमुने लावण्याआधी काचसामान, पाणी आणि रंग तपासा. अशा दिवशी घेतलेला ०.१ चा आकडा तलावाचा नसतो, लॅबचा असतो.

हिशेब सोपा आहे. आलेखावरून मायक्रोग्रॅम काढा, नमुन्याच्या मिलींनी भागा, लिटरला मिलिग्रॅम मिळतात. १०० मिली नमुन्यात ८६ मायक्रोग्रॅम निघाले तर ०.८६.

दर वेळी एका नमुन्यात मुद्दाम ५० मायक्रोग्रॅम स्टँडर्ड घालून तोही लावा. घातलेलं परत मिळालं नाही तर पाण्यात कंडिशनरसारखं काहीतरी धनभारित आहे किंवा सल्फाइड राहून गेलंय. ही एक जादा फनेल नवशिक्याला पुस्तकापेक्षा जास्त शिकवते.

नागपूरचा उन्हाळा

क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतो. एसी नसलेल्या लॅबमध्ये मेच्या दुपारी ४२ अंश असतात तेव्हा तो पिपेटमध्ये थांबतच नाही, टोकातून आपोआप टपकतो. मोजायला छोटा सिलिंडर किंवा बाटलीवरचा डिस्पेन्सर बरा. आपल्याकडचं काचसामान २७ अंशाला प्रमाणित असतं. तिथपासून ४२ अंशापर्यंत क्लोरोफॉर्म फुगतो तो जवळजवळ दोन टक्के, म्हणजे १०० मिलीत दोन मिली. स्टँडर्ड आणि नमुने एकाच बैठकीत, एकाच तापमानाला लावले तर हा फरक दोन्हीकडे सारखा पडतो. सकाळी थंड्या स्टँडर्डांचा आलेख आणि दुपारी तापलेले नमुने असं करू नका. पहाटे लवकर सुरू करून अकराच्या आत आटोपणं सगळ्यात चांगलं.

फ्यूम हूडसमोर कूलर लावू नका. त्याचा झोत हूडच्या ओढीला तोडतो आणि वाफ थेट तुमच्या तोंडावर येते. क्लोरोफॉर्मने माणसाला कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते, आणि उजेडात-हवेत तो कुजून फॉस्जीन बनतो. बाटली तपकिरी, सावलीत, घट्ट बंद हवी. फनेल हलवताना गरमीत दाब जास्त साठतो, म्हणून वाफ दोनदा सोडा.

दर फनेलला १०० मिली क्लोरोफॉर्म जातो. सहा स्टँडर्ड, एक ब्लँक, तीन नमुने म्हणजे एक लिटर. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सगळी मापं चौथाईवर आणता येतात, शेवटी २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये. अट एवढीच की स्टँडर्डही त्याच छोट्या मापात लावायचे आणि त्यांचे मायक्रोग्रॅमही चौथाई करायचे.

अहवाल, आणि मग आवराआवर

अहवालात ‘डिटर्जंट’ एवढंच लिहू नका. ‘एमबीएएस, एलएएसच्या रूपात, रेणुभार अमुक’ असं लिहा. नमुन्याचं माप आणि ब्लँकही नोंदवा. ग्राहकाने नॉनायनिक (भार नसलेलं) डिटर्जंट मोजून मागितलं तर ही पद्धत चालणार नाही. त्यासाठी कोबाल्ट थायोसायनेटची पद्धत आहे, ६२० नॅनोमीटरवर वाचतात. धनभारितासाठी डिसल्फीन ब्लू आहे. एलएएसच्या बेंझिन कड्यामुळे तो २२४ नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश थेट शोषतो, रंगाची गरजच नाही. पण नाल्याच्या पाण्यात त्याच जागी इतकं सेंद्रिय द्रव्य शोषत असतं की तो मार्ग शुद्ध द्रावणांपुरताच ठेवावा.

वापरलेला क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका, ते पाणी शेवटी नाग नदीतच जातं. हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत साठवा, बाटलीवर तारीख आणि नाव लिहा, तोंडापर्यंत भरू नका. बाटली भरली की बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पाकडे जाणाऱ्या खेपेत द्या. त्यात ॲसिटोन किंवा अल्कलीचा उरलेला थेंबही टाकायचा नाही. फनेलं लगेच इथेनॉल-आम्लाने विसळा. मिथिलीन ब्लू वाळला की काचेवर डाग धरतो, आणि तो निघायला उद्याची सकाळ जाते.